नियम क्रमांक सात

कै. द्वारकाबाई लिमये स्मृती काव्य पारितोषिक,
रुपये पाचशे एक.
ठेवीचं व्याज निघतं तेवढंच,
दुसऱ्या क्रमांकाला नुसतं प्रमाणपत्र.

नियम क्रमांक सात मीच टाइप केलेला आहे:
तीनपेक्षा कमी प्रवेशिका आल्यास
स्पर्धा रद्द समजावी.

शेवटच्या तारखेला, संध्याकाळी पाचला,
खोक्यात एकच पाकीट.
वहीचा कागद, निळी शाई,
रुहीना सोलकर, राजिवडा.
पाकीट उघडायचा मला अधिकार नाही.
उघडलं.
जाळं विणणाऱ्या मावशीची कविता होती.
गाठ मारताना ती दोरा दातांत धरते,
त्यामुळे तिचं निम्मं बोलणं
घरात कुणाला कधी कळलंच नाही, असं काहीतरी.
असं काहीतरी म्हणतोय खरा,
पण मला ती पाठ आहे.

विभागप्रमुख जाता जाता म्हणाले,
मुरकर, उद्या दहाला पाकिटं टेबलावर पाहिजेत.
पाकिटं. अनेकवचन.

त्या रात्री ऑफिसात बसून
मी दोन विद्यार्थी तयार केले.
पहिला सोपा गेला. चंद्र, मंद्र, सागराची गाज,
दुसऱ्याच ओळीला कुणीही बाजूला ठेवील असा.
दुसरा हृषीकेश मेर्वीकर, हजेरी क्रमांक एकेचाळीस.
हजेरीपट अडतिसाला संपतो.
त्याच्याकडूनही वाईटच लिहून घ्यायचं होतं,
पण साडेबारा वाजले, लाईट गेली,
आणि देवरुखहून नोकरीला आलो
ती संध्याकाळ समोर येऊन बसली:
भाट्याच्या वाळूत पत्र्याची ट्रंक,
डोक्यावर अष्टमीचा अर्धा चंद्र,
आणि पाणी चढत चढत
ट्रंकेच्या कडीला लागलेलं.
मेणबत्तीच्या उजेडात
मी वाईट लिहायचं विसरलो.

परीक्षक घाटावरचे.
त्यांनी दोनदा चहा घेतला, एकदा चष्मा पुसला,
आणि निकाल माझ्याच हातात दिला.
पहिला, मेर्वीकर.
दुसरी, सोलकर.
चंद्र-मंद्रला उत्तेजनार्थ.

प्रमाणपत्रांवरची नावं बावीस वर्षं मीच लिहितो.
सोलकर लिहिताना हात जड झाला.
मेर्वीकरचा रफार मात्र
जरा जास्तच डौलात उठला,
खोटं कशाला सांगू.

समारंभात नाव तीनदा पुकारलं.
मी माईकच्या वायरीपाशी उभा.
तिसऱ्या वेळी माझा उजवा पाय
अर्धं पाऊल पुढे गेला.
वायर सरळ केल्यासारखं करून मागे घेतला.
रजिस्टरात नोंद: विजेता अनुपस्थित,
रक्कम खात्यात परत.

आठवड्यानं ती फलकापुढे उभी दिसली,
पाठीला सॅक, बोट काचेवर.
काका, हा मेर्वीकर कोण? वर्गात तर नाही.
मी म्हटलं, येतो कधीमधी.
चांगलं लिहिलंय, ती म्हणाली. पण चुकलंय.
अष्टमीला भांग असतो.
सहाला भरती होते, ती होते,
पण भांगाचं पाणी इतकं वर चढत नाही.
ट्रंकेला लागायचंच नाही ते.
आमच्याकडे पोरंसोरंही सांगतील.
आणि मग, पायऱ्या उतरता उतरता,
आला तर सांगा त्याला.

सांगतो म्हटलं.

फलकाची किल्ली माझ्या जुडग्यात असते.
सगळे गेल्यावर काच उघडली,
पेन काढलं, अष्टमीवर टेकवलं,
तसाच उभा राहिलो.
चंद्र अर्धाच होता, मला पक्कं आठवतंय.
ट्रंक भिजली होती, हेही.
वहिनीनं दिलेले पोहे ओले झाले होते खालच्या बाजूनं.

म्हणजे पाणी आलं नव्हतं.
मीच ट्रंक ओढत
थोडा थोडा पुढे सरकत गेलो असणार.